पाव्हण्याचं ऊन

बिरू जन्मानं मेंढपाळ. घनसावंगीकडच्या, गोदावरीपासून फार लांब नसलेल्या एका गावात त्याच्या बापाची मेंढरं होती. पण कालव्याचं पाणी आलं, रानं उसाखाली गेली आणि मेंढरांना तोंड घालायला जागा उरली नाही. बापानं कळप विकला आणि बिरू नव्या नवरीला, जयवंताबाईला घेऊन जालन्याला आला. ते साल शहाऐंशी असेल. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यानं आधी भंगार वाहिलं, मग सळया ओढल्या, आणि पुढं त्याला भट्टीच्या तोंडाशी उभं केलं. तिथं तो टिकला.

टिकणं सोपं नव्हतं. भट्टीचं दार वर उचललं की समोरून जी झळ येते, तिच्यापुढं नवा माणूस दोन पावलं मागं सरतो. बिरू सरत नसे. तोंडाला ओला पंचा, हातात लांब सांडस, आणि डोळे आतल्या लोखंडावर. लोखंड आत जातं काळं. मग ते जांभळट होतं, मग लाल, मग नारिंगी, आणि शेवटी पिकल्या लिंबासारखं पिवळं. तो पिवळा रंग आला की बिरू हात वर करी आणि तुकडा रोलखाली जाई. बरीच वर्षं तो हा रंग बघत आला होता. उष्णता म्हणजे त्याच्या लेखी अंगातलं काहीतरी ओढून घेणारी गोष्ट. मालक भट्टीवाल्यांना मीठपाणी देई, कारण घामाबरोबर अंगातलं मीठही जाई. घरी आल्यावर बिरू अंगणात बाज टाकून पडे आणि जयवंताबाईला म्हणे, "चूल जरा लांब पेटव. जाळाचं तोंड बघावं वाटंना गेलंय."

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत मिलमध्ये आखाती देशातलं भंगार आलं. समुद्रावरून मुंबईला आणि तिथून ट्रकनं. वाकलेले पाइप, पत्रे, कुठल्या तरी पाडलेल्या कारखान्याचे खांब. त्या दिवशी थंडी कडक होती. भंगार निवडणाऱ्या माणसांत एकदम ओरडा झाला, म्हणून बिरू गेला. एका हातभर लांब पाइपमध्ये काहीतरी अडकून बसलं होतं. बाहेर नुसती शेपूट दिसत होती. जाड, आणि कणसावर दाणे बसावेत तसे तिच्यावर काट्यांचे गोल वेढे.

कुणीतरी ती शेपूट धरून ओढली. आतल्या जिवानं अंग फुगवलं आणि तो पाइपमध्ये आणखी घट्ट बसला.

"घोरपड हाय. टाका कात्रीखाली पाइपासकट," एक जण म्हणाला.

"थांबा की," बिरू म्हणाला. "गारठलंय ते. गारठलेलं कोकरूबी असंच अंग धरून बसतं."

तो पाइप त्यानं उचलला आणि तयार सळया जिथं निवत ठेवतात, तिथून थोडा लांब, कोमट विटांवर नेऊन ठेवला. मिलचा इलेक्ट्रिशियन राधाकिसन त्याचा दोस्त. तोही शेजारी येऊन उकिडवा बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग पाइपच्या दुसऱ्या तोंडातून एक बोथट डोकं बाहेर आलं. कासवासारखं. डोळे उघडले. एक पाय, दुसरा पाय, आणि कोळशासारखं काळं ते जनावर आपल्या पायांनी चालत बाहेर आलं, तेही सळयांच्या दिशेनं, जिकडून ऊब येत होती तिकडं. विटेवर ते पोट टेकून पसरलं आणि दोघांच्या डोळ्यांदेखत रंग बदलायला लागलं. पाठीवरचा काळा रंग आधी राखाडी झाला, राखाडीचा तपकिरी, आणि तपकिरीतून हळूहळू पिवळा वर आला.

बिरू आणखी जवळ सरकला. हा क्रम त्याला पाठ होता. पण आजवर तो त्यानं फक्त लोखंडात बघितला होता. जिवंत अंगात हे होऊ शकतं, हे त्याला कधी सुचलंही नव्हतं.

"राधाकिसनभाऊ," तो हळूच म्हणाला, "ह्याला आच खायला लागती गड्या. आपल्याला भाकर लागती तशी."

संध्याकाळी गोणपाटात गुंडाळून त्यानं ते जनावर घरी आणलं. जयवंताबाई एका बियाणं कंपनीत बी निवडायला जाई. तीही नुकतीच आली होती. गोणपाट उघडल्यावर ती भिंतीला जाऊन टेकली.

"अहो, घोरपड घरात आणली?"

"घोरपड न्हाई. जहाजातून आलंय. लई लांबचं हाय."

"मंग पाव्हणाच म्हणा की," जयवंताबाई म्हणाली, आणि नाव पडलं ते पडलंच.

खायचा प्रश्न तिनंच सोडवला. मटणाचा तुकडा पाव्हण्यानं हुंगला नाही, किड्याकडं बघितलं नाही. मेथीची जुडी निवडून तिनं देठं बाजूला टाकली होती, त्यातलं पान मात्र त्यानं कराकरा खाल्लं. मग हरभऱ्याचा पाला, राजगिरा, बाजरीचे दाणे. कंपनीतलं बी तिनं कधी आणलं नाही, त्याला औषध चोळलेलं असतं. खाऊन झालं की पाव्हणा शिंके आणि नाकातून पांढरी भुकटी उडे. बिरूनं ती बोटावर घेऊन जिभेला लावली. मीठ होतं. माणसाला मीठ पाजावं लागतं अशा कामावरचा माणूस तो. ज्याला मीठ जड होऊन बाहेर टाकावं लागतं असा जीव बघून तो कितीतरी वेळ बोटाकडंच बघत राहिला.

खरी पंचाईत उबेची होती. रोज मिलमध्ये नेणं शक्य नव्हतं. बिरूनं मोसंबीची एक रिकामी पेटी घेतली, तळाला वाळू घातली, वर राधाकिसनकडून शंभरचा बल्ब टांगून घेतला. बल्ब जितका जवळ तितकं बरं, असं दोघांना वाटलं. पाव्हणा बल्बखाली जाऊन बसला तो हललाच नाही. दुपारी जयवंताबाईनं बघितलं तर पाठीवरचे खवले पांढरट पडले होते. भाजलं होतं.

बिरू हळद आणि खोबरेल लावत बसला. "बाजूला का सरला न्हाई रे?" तो पुन्हा पुन्हा विचारी.

राधाकिसन म्हणाला, "मंग खालून शेक देऊ. शेगडीची कॉइल वाळूखाली बसवतो. उजेडाची झंझटच नको."

तसं केलं. वाळू छान ऊबदार झाली. पण पाव्हणा कोपऱ्यात जाऊन बसला. अंधाऱ्या पेटीत तो काळाच्या काळा राहिला, पाल्याला तोंड लावीना. खालची वाळू गरम, तरी त्याला ती ऊब कळतच नसावी. बिरूनं दोन दिवस बघितलं आणि कॉइल काढायला लावली.

"भाऊ, ह्याच्या गावाला ऊन वरून पडत असल," तो म्हणाला. "उजेड न्हाई तर ऊन न्हाई, असं त्याच्या डोक्यात बसलंय. खालून कितीबी जाळ लावा, त्याच्या लेखी रातच हाय."

म्हणून पुन्हा बल्ब आला, पण आता उंचावर, आणि खाली एक चपटा काळा दगड. दगड हाताला चांगला चटका देईल इतकाच तापवायचा. पाव्हणा दगडावर चढला, पिवळा झाला, खाऊ लागला. पण दुपार झाली की तोंड उघडं टाकून पेटीच्या फळ्यांवर पंजे मारू लागे. जयवंताबाई भाकरी थापता थापता हे बघत होती.

"तुमच्या बापाची मेंढरं इसरलात का?" ती म्हणाली. "उन्हात चरायची आन् मंग बाभळीखाली येऊन उभी राह्यची. ह्याला बाभूळ कुठं हाय? सगळी पेटीच भट्टी करून ठेवली तुमी."

बिरू हसला, पण म्हणणं त्याला पटलं. मशीन ज्यात येतं तसल्या खोक्याच्या फळ्या आणून त्यानं माणूस निजेल एवढी लांब पेटी केली. एका टोकाला बल्ब आणि दगड, दुसऱ्या टोकाला कौलाचा आडोसा, गारवा आणि खोल माती. त्या दिवसापासून पाव्हणा आपला आपण हिंडू लागला. सकाळी दगडावर, ऊन अंगात भरलं की मधोमध, दुपारी कौलाखाली, मग पुन्हा दगडावर. किती ऊब घ्यायची आणि कधी थांबायचं, याचा हिशेब त्याच्या अंगातच होता. माणसानं फक्त दोन्ही टोकं मांडून ठेवायची होती.

वस्तीत बोभाटा झाला. कुणी म्हणे बिरूनं घोरपड पाळली, कुणी म्हणे ज्याचं तेल काढतात तो सांडा सरडा आणला. वन खात्याचा गार्ड अप्पाराव चौकशीला आला. घोरपड पाळणं गुन्हा, म्हणून ओळख पटवायला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या उषा मॅडमना सोबत घेऊन आला. बिरूनं पेटी दाखवली. मॅडमनी पेटीत डोकावलं आणि त्या तिथंच जमिनीवर बसल्या.

"अहो, ही आपल्याकडची घोरपड नाही. वाळवंटातला काटेशेपट्या सरडा आहे. अरबस्तानातला. मी फक्त चित्रात बघितलाय."

"मंग हे कुठं सोडायचं मॅडम?" अप्पारावनं विचारलं.

"इथं सोडलं तर मरेल. परत पाठवायची सोय होईपर्यंत यांच्याकडेच राहू द्या. तुम्ही वरिष्ठांना कळवा."

अप्पारावनं कळवलं. वरून उत्तर काही आलं नाही.

मॅडमनी पाव्हण्याच्या टाळूवरचा एक बारीक फिकट ठिपका बिरूला दाखवला. "हा त्याचा तिसरा डोळा. यानं त्याला वस्तू दिसत नाहीत. पण उजेड किती आहे, दिवस मोठा होतोय की लहान, हे यातून कळतं."

जयवंताबाईनं नकळत हात जोडले. बिरू त्या ठिपक्याकडं वाकून बघत राहिला. मोहरीएवढासुद्धा नव्हता, आणि त्यात सूर्याचं येणंजाणं मावत होतं.

मॅडमनी प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर दिला. मग कळलं, की दगड पन्नास अंशांच्या पुढं लागतो आणि गार टोक तिसाच्या आत. बिरूनं एवढे दिवस तळहातावर जोखलेलं त्याच्या आसपासच निघालं, मात्र रात्रीचं त्याचं चुकत होतं. तो रात्रीही लहान बल्ब ठेवी. मॅडम म्हणाल्या, "वाळवंटात रात्री गार असतं. रात्र झाल्यावर त्याला रात्र हवी."

पहिला उन्हाळा झकास गेला. पावसाळ्यात घोटाळा झाला. ढगाळ दिवस, दमट हवा, म्हणून बिरूनं पेटी घरात खिडकीशी ठेवली. बल्ब होता, दगड होता, काचेतून जे काही ऊन येई ते होतं. तरी श्रावण सरता सरता पाव्हण्याचे पुढचे पाय थरथरू लागले. दगडावर चढताना तो घसरे. पान तोंडात धरी, पण चावताना जबडा लिबलिबीत वाटे. बिरूनं सायकल काढली आणि थेट कॉलेज गाठलं. मॅडम आल्या, त्यांनी जबडा चाचपला.

"हाडं मऊ पडलीत. उन्हात एक न दिसणारा भाग असतो, तो अंगावर पडला की हाडं घट्ट होतात. तुमच्या बल्बमध्ये तो नाही. आणि खिडकीची काच तो अडवते."

"काच तर आरपार दिसती की मॅडम."

"आपल्याला दिसतं तेवढंच ती सोडते."

न दिसणारं ऊन ही गोष्ट बिरूच्या डोक्यात फिरत राहिली. मग त्यानं विचारलं, "वेल्डिंगच्या ठिणगीत असतं ते हेच का? वेल्डरचे डोळे रातभर चुरचुरतात, गळ्याची कातडी काळी पडती. जाळ तर त्याला लागलेला नसतो."

"हेच. बरोबर ओळखलंत," मॅडम म्हणाल्या. "पण ते फार तीव्र."

राधाकिसनला लगेच कल्पना सुचली. "मिलच्या शेडात पाऱ्याचे दिवे हायेत. त्याची भाईरची काच फोडून आतली नळी लावू. मंग बिलकुल अडणार न्हाई."

"अजिबात नको," मॅडमचा आवाज चढला. "त्याचेही डोळे जातील आणि तुमचेही. परदेशात यासाठी खास ट्यूब मिळतात, मी मुंबईला चौकशी करते. पण तोवर ढग फाटला की त्याला बाहेर काढा. काच नको, जाळी लावा. आणि सावलीचा कोपरा विसरू नका."

ट्यूब काही मिळाली नाही. बिरूनं कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी आणली आणि ओट्यावर पिंजरा बसवला. भाद्रपदातलं ते ऊन येई आणि जाई. जयवंताबाईला तेव्हा कामाची पाळी दुपारची होती, बिरूला पहाटेची. जो घरी असेल तो आभाळाकडं डोळे लावून बसे. ऊन पडलं की पाव्हण्याला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर. शेजारची झुंबरबाई वाळवण घालता घालता हाक मारी, "बिरूभाऊ, ऊन आलं बरं का!" ऑक्टोबर लागला, आभाळ धुऊन निघालं, आणि जालन्याचं ते करपवणारं ऊन ओट्यावर पडलं. आठवडे गेले. एका दुपारी पाव्हणा थरथर न करता जाळीला पंजे अडकवून वर चढला आणि तिथून मान ताठ करून सूर्याकडं बघत राहिला. पिवळा धमक. गल्लीतली माणसं येऊन उभी राहिली. ज्या उन्हाला सगळे शिव्या देत पत्र्याखाली दडत होते, त्याच उन्हातून एक जीव आपली हाडं बांधून घेत होता.

"आपल्या डोक्यावरून रोज हे जातंय," बिरू जयवंताबाईला म्हणाला, "आन् आपल्याला ठावंच न्हाई त्यात काय काय हाय."

पावसाळा सरल्यावर पेटीच ओट्यावर जाळीखाली आली. पुढची वर्षं लोडशेडिंगची होती. दिवसाढवळ्या वीज जाई. त्यावरही बिरूनं तोड काढली. भट्टीच्या अस्तराच्या टाकाऊ विटा तो चुलीवर तापवून गोणपाटात गुंडाळे आणि दगडाच्या जागी ठेवी. जाळीतून येणारा उजेड आणि विटेची ऊब एकत्र आली की पाव्हण्याचं भागे.

चौथ्या थंडीत मात्र बिरूचा धीर सुटला. दिवाळीनंतर पाव्हण्यानं खाणं कमी केलं. मग बंद केलं. वीज होती, बल्ब होता, दगड तापलेला होता, पण तो दगडाकडं जाईना. गार टोकाला मातीत बीळ उकरून त्यात शिरला आणि तोंडाशी माती लोटून घेतली. बिरूनं त्याला दोनदा काढून दगडावर ठेवलं. दोन्ही वेळा तो वळून पुन्हा गारव्यात गेला. बिरूनं बल्ब मोठा केला. उपयोग झाला नाही.

"मॅडम, गेलं म्हणायचं का हे?" त्यानं विचारलं.

मॅडमनी माती सारून पाव्हण्याला हातावर घेतलं, डोळे बघितले आणि पुन्हा बिळात ठेवलं. "मला खात्रीनं सांगता येणार नाही बिरूभाऊ. पण वजन उतरलेलं नाही, डोळे खोल गेलेले नाहीत. दिवस लहान झालेत, ते त्याला कळलंय. त्याच्या देशात या दिवसांत असले सरडे जमिनीखाली झोपतात. आधीच्या तीन वर्षांत अशक्त होता किंवा नवा होता म्हणून झोपला नसेल. मला वाटतं, आपण बल्ब बंद करावा."

"बंद?"

"हो. पूर्ण."

बिरूला आयुष्यानं उष्णता कमी पडली की काम बिघडतं, एवढंच शिकवलेलं होतं. आग वाढवणं त्याला येत होतं. ती काढून घेऊन हात बांधून बसणं त्याला येत नव्हतं. तो पेटीपाशी उभा राहिला. जयवंताबाई शेजारी येऊन उभी राहिली.

"करा बंद," ती म्हणाली. "इतकं समदं त्याचं त्याला कळतं, मंग हेबी कळत असल."

त्यानं बटण खाली केलं.

त्या वर्षी थंडी चांगलीच पडली. सकाळी ओट्यावरचं पाणी हाताला झोंबे. बिरू कामावरून आला की आधी पेटीशी जाई, हात मातीत घाली. माती थंडगार. आत बोटांना पाव्हण्याची पाठ लागे, तीही दगडासारखी थंड. श्वास आहे की नाही, कळत नसे. एकदाच, हात तसाच ठेवून तो खूप वेळ बसला तेव्हा, ती पाठ बोटाखाली अगदी थोडी वर आली आणि मग फार फार वेळानं खाली गेली. बिरूनं हात हळूच काढला. त्या दिवशी जेवण झाल्यावर तो म्हणाला, "जित्तं हाय. पण कसं, ते सांगता येत न्हाई."

संक्रांत होऊन गेली. ऊन थोडं उशिरा कलू लागलं. एका सकाळी जयवंताबाई ओटा झाडत होती. तिनं झाडू टाकला आणि ती घरात धावली. "अहो, उठा! माती हलून राह्यली!"

बिरू अनवाणी बाहेर आला. बिळाच्या तोंडची माती आतून ढकलली जात होती. बोथट डोकं बाहेर आलं, डोळे उघडले. पाव्हणा बाहेर आला. काळा, अंगभर धूळ, थोडा सुकलेला, पण पाय खंबीर. तो दगडाकडं निघाला. दगड गार होता. तरी तो त्यावर चढला आणि वाट बघितल्यासारखा थांबला.

बिरूनं बटण वर केलं. थोड्या वेळानं ओट्यावर ऊनही आलं. नवरा-बायको दोघं तिथंच भुईवर बसली. काळा रंग राखाडी झाला, मग फिका, आणि मग पाठीच्या मधून पिवळेपणा पसरत गेला. बिरूनं हे कितीदा बघितलं होतं, पण आज त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. एवढे दोन-अडीच महिने आगीवाचून, अन्नावाचून, त्या थंड मातीत जीव कुठं ठेवला होता यानं? कुणी राखला होता तो?

जयवंताबाईनं हरभऱ्याचा पाला आणला. पाव्हण्यानं आधी हुंगला, मग खाल्ला.

वन खात्याचं उत्तर कधीच आलं नाही, आणि पाव्हणा बिरूच्याच ओट्यावर राहिला. मॅडम दरवर्षी कॉलेजची पोरं घेऊन येत. पोरांना त्या बिरूलाच बोलायला लावत, आणि न दिसणाऱ्या उन्हाचा भाग आला की बिरू म्हणे, "ते मॅडमलाच इचारा. मला ठावं हाय, पण सांगता येत न्हाई." अप्पारावला कुठं गारठलेलं कासव नाहीतर जखमी घोरपड सापडली, तर रानात सोडण्याआधी तो ती बिरूकडं ठेवून जाई, कारण त्या गल्लीत ऊब आणि सावली एकाच पेटीत मांडलेली असे. दर दिवाळीनंतर पाव्हणा गार टोकाला बीळ उकरू लागला की बिरू आपणहून बटण खाली करी. भीती मात्र त्याला दर वर्षी वाटे, आणि जयवंताबाईपासून तो ती लपवून ठेवत नसे.